कुरकुरीपासून संपापर्यंत



माणसाला दुःख झाले म्हणजे तो रडतो; परंतु त्याच्यावर अन्याय झाला म्हणजे तो काय करील, हे सांगणे इतके सोपे नाही. कोणी तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, कोणी शेजाऱ्याजवळ मन मोकळे करतो, कोणी अर्ज लिहितो, कोणी दारात जाऊन बसतो, तर कोणी काम खाली ठेवून चालू लागतो. या प्रत्येक करणीला मराठीत निराळा शब्द आहे. या शब्दांचा इतिहास आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

आम्ही व्याकरणकार नव्हे आणि भाषाशास्त्रीही नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. मात्र गेली तीस वर्षे कामगारांचे अर्ज, निवेदने, मागणीपत्रे आणि संपाच्या नोटिसा लिहिण्यात गेल्यामुळे या शब्दांशी आमचा रोजचा संबंध आला. त्यातून एक गोष्ट आम्हांस पटली. नापसंतीचा शब्द उच्चारला, की त्याबरोबर तीन गोष्टी उघड होतात. बोलणारा एकटा आहे की त्याच्यामागे आणखी कोणी आहे. तो कोणाला उद्देशून बोलतो आहे. आणि समोरच्याला तो मायबाप समजतो, धनी समजतो, की करारातला बरोबरीचा पक्ष समजतो. शब्द बदलला की या तिन्ही गोष्टी बदलतात. महाराष्ट्रातल्या कष्टकऱ्याचा इतिहास या बदलत्या शब्दांत स्पष्ट वाचता येतो, आणि त्यातली काही महत्त्वाची पाने आपल्या या नाशकातच लिहिली गेली आहेत.

प्रथम घरातले शब्द घेऊ. कुरकुर, पिरपिर, भुणभुण, धुसफूस, चडफड, तणतण, खदखद ही रांग पाहा. यांतले बहुतेक शब्द आवाजावरून झालेले आहेत. कुरकुरते ती नवी वहाण, भुणभुणते ती माशी, खदखदते ते चुलीवरचे आधण. या शब्दांत आवाज आहे, पण वाक्य नाही. काय बिघडले, कोणी बिघडविले आणि काय केले असता सुधारेल, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांत मिळत नाही. म्हणूनच हे शब्द बहुधा दुसराच माणूस वापरतो. ‘मी कुरकुर करतो’ असे कोणी स्वतःविषयी सांगत नाही. ‘तो फार कुरकुर करतो’ असे मुकादम सांगतो. ज्याच्या बोलण्याला अर्थ द्यावयाचा नसतो, त्याच्या बोलण्याला नुसत्या आवाजाचे नाव देतात.

रुसण्याची गोष्ट याहून वेगळी. रुसणाऱ्याला आपली समजूत काढायला कोणीतरी येणार याची खात्री असते. आपल्याकडे लग्नात रुसायचा मान वरपक्षाचा; मुलीच्या बापाने रुसून चालत नाही. सुनेला तर रुसण्याचीही सोय नव्हती. तिने आपले दुःख पहाटेच्या जात्याला सांगितले. सासुरवासाच्या ओव्यांतून शेकडो वर्षांचे गाऱ्हाणे साठलेले आहे. पण ते ऐकणारे जाते दगडाचे होते.

गाऱ्हाणे हा शब्द येथे आपोआप आला. त्याचे मूळ संस्कृत ‘गर्हणा’, म्हणजे दोष देणे, यात आहे. पण मराठीत त्यातली कठोरता झिजून गेली आणि एक प्रकारचा जिव्हाळा आला. गोकुळातल्या गवळणी कृष्णाच्या खोड्या सांगायला यशोदेकडे जातात, ते गाऱ्हाणेच. कोकणात गावकरी देवापुढे उभे राहून गाऱ्हाणे घालतात, आणि प्रत्येक वाक्यामागून जमलेली मंडळी ‘व्हय महाराजा’ म्हणून होकार भरतात. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. ज्याच्याशी नाते आहे, ज्याला आपली लाज आहे, त्याच्याकडेच गाऱ्हाणे नेतात. परक्याकडे कोणी गाऱ्हाणे घालीत नाही. ही गोष्ट ध्यानात असू द्यावी. पुढे काळाराम मंदिराच्या दारात ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

दरबार आणि कचेरी यांचे शब्द फारसी-अरबी वाटेने आले. फिर्याद म्हणजे मुळात आरोळी, मदतीसाठी फोडलेली हाक. अर्ज म्हणजे पुढे ठेवणे, सादर करणे. कैफियत म्हणजे हकीकत कशी आहे ते सांगणे. तक्रार या शब्दाची तर मोठी मौज आहे. अरबीत त्याचा अर्थ पुनरावृत्ती, तेच पुन्हा पुन्हा सांगणे. ज्यांनी सरकारी कचेरीत एखादी तक्रार नेली आहे, त्यांना हा मूळ अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही!

मराठेशाहीत वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे वादी-प्रतिवादी आपापला करीना, म्हणजे घडलेल्या गोष्टींचा वृत्तांत, लिहून देत. गोतसभा बसे आणि निवाड्याचा महजर होई. त्या महजरावर पाटील, कुळकर्णी, मोकदम यांच्याबरोबर बलुतेदारांच्याही निशाण्या असत. सुताराची निशाणी वाकस-किंकरे, कुणब्याची नांगर. व्यवस्था जातींच्या उतरंडीची होती यात शंका नाही. पण गाऱ्हाणे चार माणसांदेखत ऐकावयाचे आणि ऐकणाऱ्यांनी त्यावर निशाणी करावयाची, ही रीत त्या काळी माहीत होती.

तथापि खालच्याने वरच्याशी बोलण्याची भाषा विनंतीचीच राहिली. आपल्या पत्रव्यवहारात अजूनही ‘सा. न. वि. वि.’ लिहितात; त्यातले ‘वि. वि.’ म्हणजे विनंती विशेष. इंग्रजी राज्यात तिला ‘मायबाप सरकार’ आणि ‘आपला आज्ञाधारक’ ही जोड मिळाली. अर्जाच्या शिरोभागी मायबाप आणि तळाशी आज्ञाधारक, यांच्या मध्ये जी काही थोडी जागा उरे तिच्यात अन्याय लिहावयाचा.

मग विनंतीने भागले नाही म्हणजे काय करीत? धरणे धरीत. आज आपण कलेक्टर कचेरीसमोरच्या मांडवाला धरणे म्हणतो; पण हा शब्द फार जुना आहे. देणेकरी पैसे देत नसला म्हणजे सावकार त्याच्या दारात अन्नपाणी वर्ज्य करून बसे, आणि घरातल्यांनाही जेवणे कठीण होई. हे शस्त्र नुसत्या सावकारांच्या हाती नव्हते. दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर राहिलेल्या ब्राउटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ साली लिहिलेल्या पत्रांत धरण्याच्या चालीचे वर्णन केले आहे. थकलेल्या पगारासाठी शिपाई आपल्या सरदारालाच धरून बसत. थकलेल्या मजुरीसाठी धन्याच्या दारात बसणे ही युनियनवाल्यांनी परदेशातून आणलेली कल्पना आहे, असे जे म्हणतात, त्यांनी ही पत्रे अवश्य वाचावीत. इंग्रजांना या धरण्याचा एवढा धाक वाटला, की १८६०च्या दंडसंहितेत ५०८व्या कलमाखाली उदाहरणच दिले: दारात धरणे धरून समोरच्यावर देवाचा कोप होईल असे भासविणे हा गुन्हा.

मोर्चा या शब्दाचा प्रवास याच्या उलट झाला. मोर्चा म्हणजे मुळात खंदक, तोफा लावण्याची जागा. किल्ल्याभोवती मोर्चे लावीत आणि तेथेच ठाण मांडून बसत. आज मोर्चा चालतो. लढाईतला थांबण्याचा शब्द आपण चालण्यासाठी घेतला, आणि दारात बसून राहण्याचा खाजगी शब्द जाहीर सभेसाठी घेतला.

आता गिरणगावाकडे वळू. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. पुढाकार होता ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक, जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा. सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनकडे पाठविण्यासाठी तेथे एक अर्ज तयार झाला आणि त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या आज वाचल्या तर मन थक्क होते: रविवारी सुटी असावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच असावे, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा, कामावर अपघात झाल्यास बरे होईपर्यंत पगार मिळावा. भाषा अर्जाचीच होती. परंतु ५,५०० माणसांनी मिळून केलेल्या अर्जाचे व्याकरण एकट्याच्या अर्जाहून भिन्न असते. त्यात ‘मी’ जाऊन ‘आम्ही’ आलेला असतो. १८९० साली महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आज आपण रविवारी दुपारी झोप काढतो, ती या अर्जाच्या पुण्याईवर.

त्याच १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करण्याचे नाकारले. ‘न्हाव्यांचा संप’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. त्यात पगारवाढीचा प्रश्न नव्हता. उलट उत्पन्न बुडत होते. दुसऱ्याच्या दुःखासाठी केलेला हा संप मराठी माणसाने विसरू नये.

संप हा शब्द कोठून आला, हे आम्हांस पुष्कळ वर्षे कोडे होते. ते सुटले एका गुजराती सोबत्याच्या बोलण्यावरून. गुजरातीत संप म्हणजे एकोपा, मेळ. घरात भावाभावांत संप असावा, असे ते म्हणतात. काम बंद करण्याला ते हडताळ म्हणतात. आता इतर भाषा पाहा. इंग्रजीतला ‘स्ट्राइक’ हा शब्द १७६८ साली खलाशांनी जहाजांची शिडे उतरविली, त्या शिडे उतरविण्यावरून रूढ झाला. फ्रेंचांचा ‘ग्रेव्ह’ हा शब्द पॅरिसमधल्या एका चौकाच्या नावावरून आला; तेथे काम शोधणारे मजूर जमत. म्हणजे कोणी थांबलेल्या कामाचे नाव घेतले, कोणी जमण्याच्या जागेचे. मराठीने मात्र एकीचे नाव घेतले. काम बंद पडणे हा संपाचा परिणाम. संप स्वतः म्हणजे माणसांचे एकमत. एकमत नसताना काम बंद पडले तर तो संप होत नाही, नुसता खाडा होतो. कामगारांच्या वर्गात आम्ही हा अर्थ सांगितला म्हणजे तरुण पोरे जरा ताठ बसतात.

हा अर्थ जुलै १९०८ मध्ये साऱ्या जगाला दिसला. २२ जुलै रोजी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. वर्षाला एक दिवस. लष्कराने गोळ्या झाडल्या, माणसे मेली. त्या वेळी आजच्या अर्थाची युनियन मुंबईत नव्हती. रशियातून परागंदा झालेल्या लेनिननेही या संपाची नोंद घेतली.

याच खटल्याच्या निमित्ताने राज्यकर्त्यांचे शब्दही तपासून पाहिले पाहिजेत. १८९७ साली टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला. कायद्यात जो शब्द होता त्याचे मराठी रूप ‘अप्रीती’ असे करतात. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला त्याचा अर्थ सांगताना, प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती, असे प्रतिपादन केले. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा झाला! टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. १९०८च्या खटल्यात टिळक एकवीस तासांहून अधिक बोलले, आणि त्यातला मोठा भाग शब्दांच्या अर्थावर होता. आपल्या मराठी लेखांची इंग्रजी भाषांतरे विपर्यस्त आहेत, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. शब्दांवरून माणूस तुरुंगात जातो, तेव्हा शब्दांचा अभ्यास ही चैन राहत नाही. आपल्या नाशिकचा अनुभव याहून दाहक आहे. १९०९ साली बाबाराव सावरकरांना कवितांच्या पुस्तिकेवरून जन्मठेप झाली, आणि त्याच वर्षी २१ डिसेंबर रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनचा खून झाला. मार्गाविषयी मतभेद असू शकतात. परंतु शब्दांची वाट बंद झाली म्हणजे माणसे कोणत्या वाटेला लागतात, याचा हा धडा आपल्या गावात गिरविला गेला आहे.

१९१० साली चिरोल या इंग्रज पत्रकाराने हिंदुस्थानविषयी पुस्तक लिहिले आणि टिळकांवर एका इंग्रजी शब्दाचे जनकत्व लादले. त्या शब्दाचा सरळ अर्थ अशांतता, अस्वस्थता. तो दूषण म्हणून योजलेला होता. मराठी माणसाने त्याचे रूपांतर ‘असंतोषाचे जनक’ असे केले आणि ते बिरुद म्हणून मिरविले. अशांतता ही बाहेरून दिसते; ती पोलिसाच्या दृष्टीची गोष्ट. असंतोष मनात असतो आणि त्याला कारण असते. ज्याच्या हाती नाव ठेवण्याचा अधिकार, त्याच्या हाती निम्मा निवाडा. १८७५ साली सुप्याच्या आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. सरकारी दप्तरात त्याचे नाव ‘दंगे’ असेच राहिले.

हरताळाची गोष्ट अशीच मनोरंजक आहे. मराठीत हरताळ हे मुळात एका पिवळ्या खनिजाचे नाव. पोथी लिहिताना चूक झाली की त्यावर हरताळ लावून अक्षर पुसून टाकीत; ‘नियमाला हरताळ फासला’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. दुकाने बंद ठेवण्याचा हरताळ निराळा. तो ‘हट्ट’ म्हणजे बाजार आणि ‘ताल’ म्हणजे कुलूप यांपासून झाला आणि गुजरातीच्या वाटेने आपल्याकडे आला. ६ एप्रिल १९१९ रोजी रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ पडला, तेव्हापासून तो घरोघर पोहोचला.

निषेध या शब्दाची उलथापालथ तर याहून मोठी. धर्मशास्त्रात विधी आणि निषेध ही जोडी आहे. विधी म्हणजे हे कर, निषेध म्हणजे हे करू नको. म्हणजे मना करण्याचा अधिकार शास्त्राचा, आणि ऐकण्याचे काम सामान्य माणसाचे. आज साध्या सभेत चार मजूर उठून ‘आम्ही निषेध करतो’ असे म्हणतात, तेव्हा मना करण्याचा तो अधिकार त्यांनी आपल्याकडे घेतलेला असतो.

आता आपल्या गावातल्या दाराशी येऊ. बहिष्कार हा शब्द स्वदेशीच्या चळवळीत परदेशी मालाविरुद्ध गाजला. १८८० साली आयर्लंडच्या शेतकऱ्यांनी कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी सर्व व्यवहार तोडले, त्याच्या नावावरून इंग्रजीत शब्द आला. आपल्याकडे बहिष्कार फार जुना होता. तो जात घाली, गाव घाली. त्याचे दुसरे नाव वाळीत टाकणे. वरच्यांनी खालच्यांवर चालविलेले हे हत्यार. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापिली आणि १९२७ साली पत्र काढले त्याचे नाव ठेवले ‘बहिष्कृत भारत’. एकाच शब्दाने एक समाज परकी साखर नाकारीत होता, आणि दुसरा समाज सांगत होता की, तुम्ही आम्हांलाच नाकारले आहे.

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रह हा शब्द दक्षिण आफ्रिकेतला. तेथील लढ्याला नाव हवे म्हणून गांधीजींनी आपल्या पत्रातून सूचना मागविल्या. मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचविला आणि गांधीजींनी त्याचा सत्याग्रह केला. नाशकात त्याचे नेतृत्व बाबासाहेबांबरोबर आपल्या जिल्ह्यातले दादासाहेब गायकवाड यांनी केले. हजारोंची मिरवणूक शिस्तीने मंदिराकडे गेली. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदेकाठी वळली आणि तेथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी मंदिराच्या चारही दरवाजांशी जाऊन बसली. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, डोकी फुटली. तरी लढा वर्षानुवर्षे रेटला गेला.

श्रोतेहो, आम्ही मघाशी म्हटले की, गाऱ्हाणे आपल्या माणसाकडेच नेतात. काळारामाच्या दारात बसलेली माणसे पूर्वास्पृश्य होती, दरिद्री होती. पण दारात बसणे याचा अर्थच असा की, हे घर आमचेही आहे असे ती अजून म्हणत होती. ते दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येथून जवळच येवल्यास परिषद भरली, आणि आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे बाबासाहेबांनी जाहीर केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. विनंती झाली, सत्याग्रह झाला, आणि शेवटी नातेच संपले. जो तक्रार करतो तो अजून आपला असतो. ज्याने तक्रार करणे थांबविले तो निघाला, असे समजावे. नाशिकच्या इतिहासाने हे जितके लख्ख दाखविले आहे तितके क्वचितच कोठे दिसेल.

संपाच्या हक्काचीही परीक्षा याच काळात झाली. मुंबई प्रांताच्या सरकारने १९३८ साली औद्योगिक तंट्यांचे बिल आणले. त्यात काही प्रसंगी संप बेकायदा ठरून शिक्षा होणार होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून त्याविरुद्ध एक दिवसाचा संप केला. संप हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, असा युक्तिवाद बाबासाहेबांनी कायदेमंडळात केला होता. पुढे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने आणखी एक प्रश्न उभा केला: कामगारांच्या वतीने बोलायचे कोणी? कायद्याने ‘प्रातिनिधिक युनियन’ ठरविली, की वाटाघाटीत तिचाच शब्द चाले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तेव्हा कायद्याने मान्य केलेली युनियन निराळीच होती. कामगार एकीकडे बोलत होता आणि कायदा दुसरीकडे कान देत होता. तो संप विधिपूर्वक कधी मागे घेतला गेला नाही, गिरण्याच संपल्या.

येथे एक अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या व्यवस्थापनाने आमचे पत्र न वाचताच परत केले होते. कारण विचारता उत्तर मिळाले: ‘वर मागणीपत्र लिहिले आहे, विनंतीपत्र लिहा, मग पाहू.’ कलमे तीच राहणार होती, आकडे तेच राहणार होते. बदलायचा होता तो एक शब्द. आम्ही तो बदलला नाही. मराठीत भिकारीही मागतो आणि हक्कदारही मागतो, क्रियापद एकच. मागणी या नामाने मात्र अंगावर ताठ सदरा चढविला आहे. लग्नातही मागणी घालतात ती बरोबरीच्याच घरी. व्यवस्थापनाला तो सदरा खुपत होता. पाच महिन्यांनी करार झाला, आणि त्याच्या पहिल्या ओळीत ‘मागणीपत्राच्या संदर्भात’ असे छापले गेले.

अलीकडच्या काळात नाशिकने आणखी एक शब्द देशाच्या तोंडी दिला. ६ मार्च २०१८ रोजी किसान सभेच्या झेंड्याखाली हजारो शेतकरी आणि आदिवासी येथून मुंबईला पायी निघाले. सुमारे १८० किलोमीटर चालून ते १२ मार्चला पोहोचले. मुंबईत दहावीच्या परीक्षा चालू होत्या. पोरांना त्रास नको म्हणून शेवटची मजल त्यांनी रात्री चालून काढली. ‘लाँग मार्च’ हा शब्द पेठ-सुरगाण्याच्या पाड्यापाड्यांवर मराठीच झाला आहे. वनजमिनीचे दावे ही त्यांची मुख्य मागणी. सरकारने लेखी आश्वासन दिले. आश्वासन म्हणजे धीर देणे. पाच वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, दिंडोरीहून मोर्चा पुन्हा निघाला. तक्रार म्हणजे पुनरावृत्ती, हा अरबी अर्थ येथे पायांनी सिद्ध केला.

आणि आज? सातपूर-अंबडच्या फाटकांशी आम्ही अजून उभे राहतो. तेथे जे ऐकू येते त्याने चिंता वाटते. कंत्राटी कामगाराला विचारा, तुझी तक्रार कोणाविरुद्ध? यंत्र कंपनीचे, हजेरी ठेकेदाराची, ठेका दर वर्षी बदलतो. त्याला दार सापडत नाही, मग धरणे कोठे धरावे? वर्तमानपत्रे लिहितात, ‘कामगारांत नाराजी’. राजी आणि नाराज हे दरबारी मर्जीचे शब्द. मंत्रिपद हुकलेला पुढारी नाराज होतो. ज्याचा तीन महिन्यांचा पगार बुडाला, त्याच्या स्थितीला तोच शब्द लावणे हा अन्याय आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी असे कायदा म्हणतो, आणि ते चांगलेच आहे. पण तेथेही माणूस एकटाच उभा असतो. फोनवरून तक्रार केली तर क्रमांक मिळतो. क्रमांकाला शेजारी नसतो. माझ्या तक्रारीमागे आणखी किती जणांची तीच तक्रार आहे हे त्या यंत्रणेला कळते, मला कळत नाही. लोखंड्यांच्या ५,५०० सह्या सुट्या सुट्या करून ५,५०० पेट्यांत टाकाव्यात, तसे हे आहे.

२०२० साली संसदेने मंजूर केलेली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेली औद्योगिक संबंध संहिता पाहा. तिच्यानुसार एकाच दिवशी निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून किरकोळ रजा घेतली तर तोही संप. आणि संपापूर्वी किमान चौदा दिवसांची नोटीस हवी. या तरतुदीविषयी आमचे मत प्रतिकूल आहे, हे आम्ही लपवीत नाही. पण व्याख्या करणाऱ्यांनी नकळत एक गोष्ट मान्य केली आहे. रजा तीच, अर्ज तोच. ठरवून घेतली की संप. म्हणजे संपाचा प्राण एकमतात आहे, हा मराठी शब्दाचा जुना अर्थ कायद्यानेही कबूल केला.

आपण सर्व येथे कामगार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. कोणी दुकानदार आहात, कोणी शिक्षक, कोणी लहान कारखान्याचे मालकही असाल. आपणांस आमचे एवढेच सांगणे आहे, की उद्या तुमच्या हाताखालचा माणूस काही बोलला, तर त्याला कुरकुर म्हणण्यापूर्वी त्यातले वाक्य शोधा. काय बिघडले, कोणामुळे आणि काय हवे, हे त्याला विचारा. आणि कामगार बंधुभगिनींना सांगणे असे, की आपली नापसंती पूर्ण वाक्यात लिहा, तारीख घाला, शेजाऱ्याला वाचून दाखवा आणि त्याचेही तेच म्हणणे असेल तर खाली त्याची सही घ्या. दोन सह्या झाल्या की पत्रात ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ लिहावे लागते. तेवढा बदल करून पत्र धाडा, आणि त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवा.